गढ्याच्या गच्चीवरचा ठिपका

"झाडं लाल असतात, पाणी काळं असतं, आणि माणूस दिसत नाही."

मी चौथीत असताना मामाजींनी हे वाक्य मला सांगितलं होतं. आम्ही सुटीत जबलपूरला त्यांच्याकडे गेलो होतो. मामाजी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात होते. विमानातून आणि उपग्रहातून काढलेले फोटो बघून नर्मदेच्या खोऱ्यात पाणी कुठे साठतं, जंगल कुठे उरलंय, विहीर खणली तर कुठे लागेल, हे शोधणं त्यांचं काम. त्या फोटोंमध्ये झाडं खरोखरच लाल येतात, कारण तो कॅमेरा आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड पकडतो आणि तो दाखवायला लाल रंग वापरतात. मला कारण कळलं नव्हतं, वाक्य तेवढं पाठ झालं. शाळा सुरू झाल्यावर मी चित्रकलेच्या तासाला आंब्याचं लाल झाड आणि त्याच्याखाली काळं तळं काढलं. बाईंनी आईला बोलावून हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे फेब्रुवारीत आलेला मामाजींचा फोन.

"शुभा, तुझी उंची किती वं?"

"पाच फूट. का?"

"चप्पल घालून का बिगर चपलेची?"

"मामाजी, झालं काय?"

"मग ये तू. ग्राउंड ट्रुथ करायची आहे."

ग्राउंड ट्रुथ म्हणजे, फोटोत जे दिसलं ते जमिनीवर खरंच आहे का, हे त्या जागी जाऊन बघणं. मामाजी निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली. मामीजींना जाऊन तीन पावसाळे झाले. आता ते कशाची खात्री करून घेणार आणि त्यासाठी माझी उंची कशाला, ते काही सांगेनात. मी शाळेत शिकवते, तिथे रजा टाकली.

नागपूरहून जबलपूरला जाणार असाल तर सकाळची बस घ्या आणि डावीकडची खिडकी मागा, ऊन उजवीकडून येतं. पाच-सहा तास लागतात. रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की जुने लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. खवासा ओलांडलं की पेंचचं जंगल लागतं. तिथे रस्ता खांबांवर उचललाय आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती घातल्यात, वाघाला खालून शांतपणे जाता यावं म्हणून. तिकीट काढून जंगल बघायला निघालेली माणसं भिंत बघत जातात, आणि खालून वाघ काय बघत जातो ते त्यालाच माहीत. सिवनीला चहा घ्या. जेवायला लखनादौनपर्यंत थांबा, तिथल्या ढाब्यांवर शेवभाजी आणि जाड पोळी मिळते. दोघांत एक ताट पुरतं, पण वेटर तसं कबूल करत नाही.

तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदा आली तेव्हा अर्ध्या बसनं हात जोडले. शेजारच्या आजींनी खिडकीतून नाणं टाकलं. ते कठड्याला लागून टणकन परत रस्त्यावर आलं. "ले लेंगी, ले लेंगी," असं म्हणत आजींनी डोळे मिटले.

मामाजींचा मोहल्ला, गढा, पुलापासून लांब नाही. ऑटोवाल्याशी आधी ठरवून घ्या, कारण गढ्याच्या गल्ल्यांमध्ये ऑटो आत जातो पण वळत नाही. आमचाही उलटा, रिव्हर्समध्ये बाहेर गेला.

मामाजी दारातच उभे होते. जय भीम झाला, पाणी झालं, आणि मी संत्रा बर्फीचा डबा पिशवीतून काढत होते तोवर त्यांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं. भिंतीवर पेन्सिलीची एक जुनी रेघ होती. माझं डोकं बरोबर तिच्याखाली आलं.

"अच्छा. जमते," ते म्हणाले. "ही तुझ्या मामीची उंची आहे. पडदे शिवले होते तेव्हा घेतली होती."

पडद्यांसाठी मामीची उंची कशाला लागली, हे मी विचारलं नाही.

मग त्यांनी कॉम्प्युटर उघडला. इंटरनेटवर उपग्रहाच्या फोटोंचा नकाशा असतो ना, आपण सगळे ज्यात आधी स्वतःचं घर शोधतो, तोच. त्यात गढा, गढ्यात गल्ली, गल्लीत घर, घरावर गच्ची. गच्चीवर एक गडद ठिपका. ठिपक्याला चिकटून एक बारीक सावली, तिरपी, वर डावीकडे गेलेली.

"ही तुझी मामी आहे," मामाजी म्हणाले.

मला त्यात मामी दिसेना. मला त्यात काहीच दिसेना. तीळ म्हटलं असतं तर तीळ वाटला असता.

"काय बड्डे, आ गई बिटिया?" म्हणत तेवढ्यात दुबेजी आले. बड्डे म्हणजे जबलपुरी बोलीत थोरला भाऊ. दुबेजी गल्लीच्या पलीकडे, बरोबर समोर राहतात. मामाजींच्याच ऑफिसात ते नकाशे काढायचे. मामाजींनी फोटोत जे ओळखायचं, ते दुबेजींनी शाईनं उतरवायचं, असं दोघांनी जन्मभर केलं. त्यामुळे मामाजी काहीही म्हणाले की त्यावर शंका घेणं दुबेजींना अजून नोकरीचाच भाग वाटतं.

"बेटा, इनसे बोलो कि वो ड्रम है," दुबेजी म्हणाले. "भाभीजी का नीला ड्रम. कढ़ी पत्ते वाला."

"ड्रम नाही ते."

"तो फिर टंकी होगी."

"टाकी तिकडे आहे. दिसून राहिली ना गोल?"

मामीजींनी निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये कढीपत्ता लावला होता, तो मला आठवत होता. त्या गेल्यावर झाड वाळलं आणि ड्रम दुबेजींकडे गेला. आता त्यात ते पाणी भरून ठेवतात.

मी मामाजींना विचारलं, हे आत्ताच कशाला ठरवायचं आहे? त्यांनी माऊसनं नकाशा जरा सरकवला. गल्लीच्या मधोमध एक रेघ होती. रेघेच्या अलीकडे आमची बाजू, जुन्या फोटोतली, जरा पिवळट. पलीकडे दुबेजींची बाजू, नुकत्याच लावलेल्या नव्या फोटोतली, त्यात दुबेजींनी मागच्या वर्षी घातलेलं पत्र्याचं शेडही होतं. गल्लीत एक ऑटो उभा होता. त्याचा मागचा अर्धा भाग जुन्या वर्षात होता आणि पुढचा अर्धा भाग नव्या वर्षात नव्हताच.

"फोटो बदलत बदलत इथपर्यंत येऊन गेला," मामाजी म्हणाले. "आता ढग आडवा नाही आला तं आपल्या बाजूचाही बदलन. मग गच्ची रिकामी दिसन."

"मग आपण हा फोटो उतरवून ठेवू ना. फ्रेम करू."

"तो फोटो होते वं. फोटो तर लग्नाचेही आहेत." ते पडद्याकडे बघत राहिले. "नकाशात असणं वेगळं असते."

दुबेजींनी बर्फीचा दुसरा तुकडा घेतला.

ग्राउंड ट्रुथ दुसऱ्या दिवशी होणार नव्हती. जिन्याच्या खोलीची सावली फोटोत गच्चीच्या ज्या फरशीवर पडलेली आहे, त्याच फरशीवर ती पुन्हा पडेल, तेव्हा ऋतूही तोच आणि वेळही तीच, असा मामाजींचा हिशोब. ते रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास वर जाऊन बघत होते. अजून दोन बोटं बाकी होती. मधला दिवस मोकळा होता, म्हणून आम्ही भेडाघाटला गेलो.

गढ्यातून भेडाघाटला ऑटोनं जाता येतं, दिवसभराचा ठरवलेला बरा. निघण्याआधी पोहे-जलेबी खा, एकाच प्लेटमध्ये, आणि एकमेकांना लागू द्या. आमच्या ऑटोत मी मध्ये, एका बाजूला दुबेजी, दुसऱ्या बाजूला मामाजी, आणि मामाजींच्या मांडीवर खोऱ्याचा एक भलामोठा जुना उपग्रह-फोटो, उलटा धरलेला. दक्षिण वर. ही त्यांच्या कामातली खोड. आपल्याकडे ऊन दक्षिणेकडून येतं. फोटो सरळ धरला तर सावल्यांमुळे डोळा फसतो आणि दरी डोंगरासारखी वर आलेली दिसते. उलटा धरला की नदी खाली बसते. जन्मभर असं बघितल्यामुळे मामाजींच्या डोक्यात अख्खं जबलपूर उलटं बसलंय. ते ऑटोवाल्याला "राइट लो भैया" म्हणायचे आणि दुबेजी न बघताच "मतलब लेफ्ट" म्हणायचे. ऑटोवाला पहिल्या दोन वळणांनंतर फक्त दुबेजींचं ऐकू लागला.

शहर संपलं, दोन्ही बाजूंना गहू लागला.

"किती लाल झाला आहे गहू," मामाजी समाधानानं म्हणाले.

ऑटोवाल्यानं ब्रेक मारला. "कहाँ लाल? बीमारी लग गई क्या?"

"नहीं भैया, अच्छा वाला लाल," दुबेजी म्हणाले. "चलो."

वाटेत मामाजी फोटो वाचून दाखवत होते. उन्हाळ्यातल्या फोटोत सगळं फिकं पडलं तरी ओढ्याकाठी लाल पट्टी टिकून असेल, तर तिथे जमिनीखाली पाणी आहे. सागाचा लाल उन्हाळ्यात उडतो, कारण पानं झडतात. मंडल्याकडच्या साल वृक्षांचा टिकतो. सरळ काळी रेघ दिसली तर खडकाला भेग आहे, तिथे विहीर लागेल. मला हे सगळं ऐकायला फार आवडतं. बालपणी त्यातलं निम्मं खोटं वाटायचं, आता वाटतं की एवढ्या लांबून एवढं कळणं हेच जरा खोटं आहे.

"और वो तालाब वाला सुनाओ ना बिटिया को," दुबेजी म्हणाले.

"तूच सांग."

ते दोघांनी मिळून सांगितलं. एकदा एका फोटोत मामाजींना मोठा काळा डाग दिसला. पाणी काळं असतं. त्यांनी तलाव म्हणून नोंदवला, दुबेजींनी नकाशात निळ्या शाईनं सुंदर भरला. मग ग्राउंड ट्रुथसाठी जीप काढून दोघं तिथे गेले, तर तिथे हरभऱ्याचं शेत. ती ढगाची सावली होती. फोटो काढला त्या घटकेला एक ढग तिथून जात होता.

"गाँव वाले इकट्ठा हो गए," दुबेजी म्हणाले. "पूछने लगे, साहब, क्या ढूँढ रहे हो? हमने कहा, तालाब. बोले, हमारा तालाब? कितना बड़ा है? हमने नक्शा दिखाया. सब ख़ुश! सरपंच ने चाय पिलाई."

"मग?"

"मग काय, सांगावं लागलं, चूक आहे, मिटवून राहिलो," मामाजी म्हणाले. "तर हात जोडून म्हणे, साहब मिटाओ मत. कागज पे है तो रहने दो. किसका क्या जाता है."

"फिर हमने ब्लेड से खुरच दिया," दुबेजी म्हणाले. "ऑफिस आके. पूरा तालाब."

भेडाघाट येईपर्यंत मामाजी फोटोवरच्या सुरकुत्या बोटानं सपाट करत राहिले.

भेडाघाटला पंचवटीच्या घाटावरून नाव घ्या. दोन्ही बाजूंना संगमरवराचे पांढरे कडे, मध्ये हिरवं-काळं पाणी, आणि नावाडी यमक जुळवत माहिती सांगतो. आमचा म्हणत होता, "दाएँ देखो पत्थर काला, बाएँ देखो सास का ताला." सासूचं कुलूप कुठे होतं ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. दोन्ही कडे इतके उंच आणि इतके जवळ आले की माझी मान वरच राहिली. मामाजी मान खाली घालून फोटोत बघत होते.

"हे इथे," त्यांनी बोट ठेवलं. "आपण हिच्यात आहोत." केसासारखी एक रेघ होती.

नावाडी वल्हं मारायचा थांबला. "दद्दा, नर्मदा मैया सामने बैठी हैं. कागज नीचे रखो, ऊपर देखो."

मामाजींनी आज्ञाधारकपणे वर बघितलं. जरा वेळ बघितलं. मग मला हळूच म्हणाले, "तुझी मामी इथे आली होती तं मला म्हणे, तुम्ही नदीच्या घरी येऊन तिचा पासपोर्ट बघून राहिले."

नाव वळली. त्यांनी फोटोची घडी घातली, पण ती चुकीची पडली आणि नर्मदा बाहेरच राहिली.

परतताना आम्ही सराफ्याच्या बाजूला खोव्याची जलेबी खाल्ली. काळसर, जड, गुलाबजामच्या थोरल्या बहिणीसारखी. एक पुरते. दुबेजींनी तीन खाल्ल्या आणि डॉक्टरांचं नाव काढू नका असं आम्हालाच बजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळात एक ढग होता. मामाजी त्याच्याकडे जुन्या वैऱ्यासारखे बघत होते. दहा वाजता तो मेडिकल कॉलेजच्या बाजूला निघून गेला आणि आम्ही वर गेलो. दुबेजी निळा ड्रम रिकामा करून, डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडून आले. गल्लीतल्या बायका दारात आल्या. एकीनं विचारलं, "कोई पूजा है का?" दुबेजी म्हणाले, "हओ, वैसा ही कुछ."

जिन्याच्या खोलीची सावली ठरलेल्या फरशीवर आली. मामाजींनी खडूनं फुली मारून ठेवली होती, तिथे मी अनवाणी उभी राहिले. फोटोतली सावली जिन्याच्या सावलीच्या किती हिश्शाची आहे, हे त्यांनी आधीच मोजून फरशीवर एक रेघ ओढली होती. माझी सावली त्या रेघेपर्यंत पोचायला हवी होती.

ती पोचली नाही. चांगली हातभर कमी पडली.

मामाजींनी मला सरळ उभं राहायला सांगितलं. मी सरळच होते. मग त्यांनी पुन्हा मोजलं. दुबेजींनी मला बाजूला करून ड्रम ठेवला. ड्रम तर माझ्याहून कमी पडला. मला वाटलं होतं दुबेजींना आनंद होईल, पण ते ड्रमकडेच रागानं बघत होते.

"मग ती कोण आहे?" मामाजी म्हणाले. एवढा लहान आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

मी परत फुलीवर जाऊन उभी राहिले. मामीजी इथे काय करत असतील? कपडे वाळत घालायच्या. आणि मग मला आठवलं. आम्ही सुटीत यायचो तेव्हा मामाजींकडे उपग्रहाचं वेळापत्रक असायचं. सकाळी ऑफिसला निघताना ते सांगून जायचे, "आज वरून जाते तो." साडेदहाला मामीजी हातातलं काम टाकून आम्हा मुलांना घेऊन गच्चीवर यायच्या आणि आम्ही सगळे आभाळाकडे हात हलवायचो. संध्याकाळी मामाजी आले की त्या विचारायच्या, "दिसलो का आम्ही?" तेव्हाच्या फोटोत अख्खा मोहल्ला एका ठिपक्यात मावायचा. मामाजी म्हणायचे, "माणूस दिसत नाही." पुढच्या वेळी त्या पुन्हा वर.

"रिटायर झाल्यावर तुम्हाला वेळापत्रक कुठून मिळायचं?" मी विचारलं.

"नाही मिळे. तरी जाये ती. मी म्हटलं, काहून जातं आता? तं म्हणे, एवढे सोडून ठेवले आहेत, कोणता ना कोणता जातच असन."

हे बोलता बोलता त्यांना कळलं, मला वाटतं. मी उजवा हात वर केला. पूर्ण वर, सुटीतल्यासारखा.

सावली रेघेवर जाऊन टेकली.

मी हात तसाच धरून उभी होते, कारण खाली घ्यायचा की नाही ते मला कळेना. मामाजी फरशीवर उकिडवे बसले आणि त्यांनी सावलीच्या टोकावर, माझ्या बोटांच्या सावलीवर, तळवा ठेवला.

दुबेजींनी घसा खाकरला. मग ते जन्मभर करत आले तेच त्यांनी केलं. कोपऱ्यातला झाडू आणून ड्रममध्ये उभा खोचला, फुलीवर ठेवला, आणि मागे सरकले. झाडूवाल्या ड्रमची सावलीही बरोब्बर रेघेवर आली.

"कढ़ी पत्ता इतना ही था," ते म्हणाले. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "क्या करूँ बड्डे. आ रही है तो आ रही है."

"येऊन राहिली," मामाजींनी मान्य केलं. त्यांच्या धंद्यात खोटं चालत नाही. अशा वेळी ते प्रश्नचिन्ह काढायचे, म्हणजे दोन्ही शक्य आहे, पुन्हा बघावं. त्यांनी खडूनं फुलीजवळ प्रश्नचिन्ह काढलं.

खाली आल्यावर दुबेजींनी चहा घेतला, जायला उठले, आणि दारात थांबून म्हणाले, "वैसे तालाब भी हमें ब्लेड से नहीं खुरचना था."

ड्रम त्यांनी नेला नाही. तो तिथेच राहिला, झाडूसकट.

परतीच्या बसमध्ये उजवी खिडकी मिळाली. दुपारचं ऊन आता पश्चिमेला होतं, म्हणजे माझ्याच अंगावर. गहू हिरवा होता. मी बराच वेळ तो लाल बघायचा प्रयत्न केला आणि सिवनीच्या अलीकडे क्षणभर जमलंही.

नागपूरला येऊन दोन आठवडे झाले. मी रोज सकाळी चहाआधी नकाशा उघडते. रेघ अजून गल्लीत आहे, अर्धा ऑटो अजून उभा आहे. मला खरंच माहीत नाही तो ठिपका कोण आहे. पण साडेदहाला मी शाळेत असते, मैदानावरून जाताना कधी कधी हात वर जातो. मुलांना वाटतं मी त्यांना बोलावतेय, ती धावत येतात, मग मला काहीतरी काम सांगावं लागतं.

तर हा शेवटचा परिच्छेद प्रवासाला निघणाऱ्यांसाठी नाही. उपग्रहाचे फोटो नकाशात लावणारे जे कोणी तुम्ही असाल, त्यांच्यासाठी आहे. मराठी तुमच्यापर्यंत पोचेल असं वाटत नाही, आणि पोचलं तरी तुम्ही नाहीच म्हणाल. एका गच्चीसाठी जगाचा नकाशा जुना ठेवत नाहीत, हे मी एका अशाच माणसाच्या घरी सुट्या घालवता घालवता शिकले आहे. तरी मागते. आमच्या बाजूचा नवीन फोटो लावायची वेळ येईल तेव्हा तो एक चौकोन सोडून द्या. वरच्यांनी विचारलं तर सांगा, त्या दिवशी गढ्यावर ढग होता.